बटाट्याचे न्योक्की, कोळंबी-शिनाण्यांच्या क्रीम सॉसमध्ये

न्योक्की, म्हणजे बटाटा-मैद्याचे छोटे उकळलेले इटालियन गोळे, बिघडतात ते पाण्यामुळे. बटाट्यात पाणी राहिलं की मैदा जास्त खेचला जातो, मैदा वाढला की गोळे चिवट होतात, आणि मग वर कितीही महागाची कोळंबी घातली तरी उपयोग नाही. सॉसचं नेमकं उलट. तिथे कोळंबीच्या डोक्यातला आणि शिनाण्यांच्या, म्हणजे मसल्स नावाच्या शिंपल्यांच्या, पोटातला रस हीच खरी चव, आणि बहुतेक घरांत तोच मोरीत ओतला जातो. बटाट्यातलं पाणी घालवायचं, शिंपल्यातलं राखायचं. खाली जे जे सांगितलंय ते या दोन कामांसाठी आहे.

मी हे शिकले त्रिएस्तेला. इटलीच्या ईशान्य टोकाला, एड्रिॲटिक समुद्राच्या काठी, स्लोव्हेनियाच्या हद्दीला खेटून असलेलं हे शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, त्या साम्राज्याचं मोठं बंदर म्हणून. त्यामुळे इथल्या स्वयंपाकात एकीकडे मध्य युरोपातले उकडलेले गोळे आणि दुसरीकडे ताजी मासळी, असं दोन्ही नांदतं. शिळ्या पावाचे गोळे होतात. पोटात आख्खा आलुबुखार घातलेले बटाट्याचे गोळेही होतात, त्यांवर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, साखर आणि दालचिनी पडते, आणि हे गोड प्रकरण लोक खुशाल जेवणाच्या सुरुवातीला खातात. मराठी माणसं इथे येतात ती बहुतेक भौतिकशास्त्राच्या निमित्ताने. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली सैद्धांतिक भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था इथेच मिरामारेला आहे. आम्हीही त्याच वाटेने आलो. मी मूळची वेंगुर्ल्याची, मासळी घरचीच. बटाट्याचं शिक्षण मात्र खालच्या मजल्यावरच्या आजींकडून मिळालं. त्यांना मी सिन्योरा म्हणते, त्या मला 'पोरी' म्हणतात.

न्योक्की हा प्रकार बटाट्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. व्हेरोना शहरात कार्निव्हलच्या शेवटच्या शुक्रवारी 'न्योक्कीचा बाप' म्हणवणारा दाढीवाला म्हातारा भल्यामोठ्या काट्याला गोळा टोचून मिरवणुकीत निघतो. ती परंपरा लोक १५३१ सालच्या टंचाईशी जोडतात, आणि तेव्हा तिथे बटाटा मुळी पोचलाच नव्हता. गोळे नुसत्या पिठाचे असत. बटाटा दक्षिण अमेरिकेतून नंतर आला आणि इटलीच्या ताटात तर फार उशिरा रुळला. पण आला तो असा काही बसला की आता न्योक्की म्हटलं की बटाटाच डोळ्यांपुढे येतो.

चौघांसाठी काय काय लागेल

न्योक्कीला १ किलो जुने बटाटे, पाव किलो मैदा आणि हाताशी आणखी ५० ग्रॅम, १ सपाट चमचा मीठ. पहिल्यांदा करत असाल तर एका अंड्याचं पिवळं बलक. पांढरं घालू नका, त्यात पाणीच जास्त असतं.

सॉसला अर्धा किलो मध्यम कोळंबी, डोक्यासकट आणि सालासकट. ७०० ग्रॅम शिनाणे. ते मिळाले नाहीत तर तेवढ्याच तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले. १५० मिली क्रीम, एक छोटा कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, ४ टेबलस्पून ऑलिव्ह तेल, २० ग्रॅम लोणी, १ टेबलस्पून टोमॅटो प्युरी, १०० मिली कोरडी पांढरी वाइन, असलीच तर २ टेबलस्पून ब्रँडी, एक सुकी लाल मिरची, मिरपूड, मूठभर पार्स्ली आणि एका लिंबाची किसलेली साल.

बटाटा निवडताना

इथेच निम्मं काम होतं. नवा, चकचकीत, पातळ सालीचा बटाटा भाजीला छान; न्योक्कीला बाद. त्यात पाणी जास्त आणि पिष्ट कमी असतं. आपल्याला हवा जुना, सालीने जाड, उकडल्यावर भुगा होणारा. मोड आलेले किंवा सालीखाली हिरवे झालेले बटाटे मात्र बाजूला काढा, ते कशालाच घ्यायचे नाहीत. इकडे बाजारात पांढऱ्या गराचे आणि पिवळ्या गराचे असे ढीग वेगळे असतात. सिन्योरा पांढऱ्या गराचे घेतात, तेही लाल सालीचे. पुण्याच्या मंडईत आग्रा, इंदूर, तळेगाव अशी नावं ऐकू येतील, पण नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली ताजा मालही असतो आणि शीतगृहातला जुनाही.

घरी पारख करायची एक खात्रीची रीत आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. जो बुडतो तो पिष्टाळ आणि जड, न्योक्कीचा. जो तरंगतो तो पाणचट, त्याची रस्साभाजी करा. मंडईतून दोनतीन ठिकाणचे थोडे थोडे बटाटे आणून एकदा एवढं केलंत की आपला दुकानदार कायमचा ठरतो.

आणखी एक. बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. फार थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होत जाते आणि मग गोळे गुळमट लागतात. शीतगृहातून आलेले बटाटे गोडसर वाटले तर टोपलीत, अंधाऱ्या जागी आठवडाभर राहू द्या, बरेच सुधारतात.

उकडणं

बटाटे सालासकट उकडायचे, चिरायचे नाहीत, सोलायचे नाहीत. आकाराने सारखे निवडा, म्हणजे एक कच्चा आणि एक फुटलेला असं होणार नाही. पातेल्यात गार पाणी घालून मंद आचेवर ठेवा, मध्यम बटाट्याला उकळी आल्यापासून ३५-४० मिनिटं लागतात. सुरी आरपार सहज गेली पाहिजे, पण साल फुटता कामा नये. फुटली की तेवढ्या जागेतून पाणी आत शिरतं.

कुकरच वापरायचा असेल तर बटाटे पाण्यात बुडवू नका. तळाला पाणी, वर जाळी किंवा भोकांचा डबा, त्यात कोरडे बटाटे. शिट्ट्या झाल्यावर वाफ जिरली की लगेच बाहेर काढा. कुकरमध्ये तसेच पडून राहिले तर वाफेचं पाणी पितात. आणि ओव्हन असेल तर सगळ्यात उत्तम: ट्रेमध्ये खडे मिठाचा थर द्या, त्यावर काट्याने टोचलेले बटाटे ठेवून २०० अंशांवर तासभर भाजा. पाणी आत जायचा प्रश्नच उरत नाही, उलट असलेलं निघून जातं.

मग सोला. गरम असतानाच. हात भाजतात म्हणून लोक थांबतात, आणि तिथेच घात होतो. बटाटा फडक्यात धरा, साल सुरीने ओढून काढा आणि लगेच गाळून घ्या. इटलीत यासाठी हातात धरून दाबायचं, भोकांच्या तळाचं एक यंत्र असतं. आपल्याकडे त्याच कामाचा शेवेचा सोऱ्या घरोघरी आहे, बारीक शेवेची चकती लावून तो वापरा. पुरणयंत्रही चालतं. मिक्सर मात्र नाही, कधीच नाही. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतलं पिष्ट सुटतं आणि दोन मिनिटांत पातेल्यात खळ तयार होते. तिचं पुढे काहीच करता येत नाही.

गाळलेला बटाटा भांड्यात साठू देऊ नका. ओट्यावर किंवा मोठ्या लाकडी पाटावर पातळ पसरा. आता जरा बघत उभं राहा, कारण न्योक्की जमणार की नाही ते या पाचसात मिनिटांत ठरतं. पसरलेल्या किसातून वाफेचे धागे निघत राहतात. सुरुवातीला दाट, आणि तळहात वर धरला तर ओला होईल इतके. किसाची टोकं पारदर्शक, ओलसर दिसतात. हळूहळू वाफ विरळ होते, वरची टोकं पांढरी आणि निस्तेज दिसू लागतात, बोटाला चिकटायचं थांबतं. एकदा कालथ्याने उलटून खालची बाजू वर आणा, ती अजून ओली असते. दुसऱ्यांदा वाफ जिरली आणि बटाटा कोमट झाला की तो तयार. सिन्योरांच्या घरी मी या वेळेत काहीतरी दुसरं करायला वळले की त्या म्हणायच्या, "पोरी, मासळी थांबेल, बटाट्याकडे बघ."

मळणं, म्हणजे जवळजवळ न मळणं

उकडीच्या मोदकांची उकड जितकी मळावी तितकी मऊ होते, हे आपल्या हातांना पक्कं माहीत आहे. तो हात इथे आवरायला लागतो. मैद्यात ग्लुटेन असतं, आणि जितकं मळाल तितकं ते ताणलं जाऊन घट्ट होतं. आपल्याला मैदा फक्त बटाट्याला एकत्र धरण्यापुरता हवा आहे.

कोमट बटाट्यावर मीठ भुरभुरा, बलक घालणार असाल तर तेही. पाव किलोतला तीन चतुर्थांश मैदा चाळणीने सगळीकडे पसरवून घाला. आता कालथ्याने किंवा पिठाच्या पत्र्याने खालून वर घेत, मधून कापत मिसळा. भुगाभुगा झालेलं एकत्र गोळा करून हाताने हलकेच दाबा, घडी घाला, पुन्हा दाबा. असं सहासात वेळा. पीठ आवळून गोळा होतो, वरून जरा खडबडीत राहतो, ते बरोबर आहे. चिकटत असेल तर उरलेला मैदा चमच्याचमच्याने घाला. बटाटा चांगला असेल तर पाव किलोही पुरा लागत नाही. ५० ग्रॅम जादा घालूनही हाताला चिकटतच असेल तर थांबा. आणखी मैदा ढकलण्यापेक्षा त्या पिठाचे टिक्के थापून लोण्यात भाजलेले बरे.

या पिठाला मुरवत ठेवायचं नाही. मिठामुळे बटाटा पाणी सोडतो आणि अर्ध्या तासात गोळा सैल पडतो. फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. मळलं की लगेच वळायचं.

सगळे वळण्याआधी एकच न्योक्को कापून उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकून बघा. वर आला, आख्खा राहिला आणि दाताखाली मऊ लागला तर पुढे चला. विरघळू लागला तर गोळ्यात एक चमचा मैदा घालून पुन्हा एक टाकून बघा. एवढी दोन मिनिटं सगळं जेवण वाचवतात.

गोळ्याचे सहा भाग करा, एक घ्या, बाकी फडक्याखाली झाकून ठेवा. पाटावर मैदा अगदी थोडा टाका, नाहीतर वळी घसरते आणि वळली जात नाही. दोन्ही तळहातांनी मधून कडेला जात अंगठ्याएवढी जाड वळी करा आणि सुरीने २-२ सेंटिमीटरचे तुकडे पाडा. मग प्रत्येक तुकडा काट्याच्या दातांवर ठेवून अंगठ्याने हलका दाबत खाली सोडा. एका बाजूला रेघा उमटतात, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा खळगा पडतो. रेघांत सॉस अडकतो आणि खळग्यामुळे तुकडा मधे पातळ होऊन सारखा शिजतो, म्हणून हे करायचं. काट्याऐवजी किसणीची मागची बाजूही चालते, इकडे पुष्कळ घरांत तीच वापरतात. सगळ्या तुकड्यांना रेघा पाडत बसायला वेळ नसेल तर नुसतं बोटाने खळगा पाडा, चवीत फरक पडत नाही.

रवा भुरभुरलेल्या फडक्यावर एकमेकांना न चिकटवता मांडा. तासाभरात उकळायचे नसतील तर ट्रेसकट फ्रीझरमध्ये घाला, कडक झाल्यावर पिशवीत भरा. नंतर ते वितळू न देता तसेच उकळत्या पाण्यात टाकायचे, थोडे थोडे.

शिंपल्यांचं पाणी

सॉसची तयारी बटाटे उकडत असतानाच उरकून घ्या, म्हणजे न्योक्की वळून झाले की थांबावं लागणार नाही.

त्रिएस्तेच्या आखातात शिनाण्यांची शेती होते, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तरंगत्या पिंपांच्या रांगा दिसतात, त्यांना बांधलेल्या दोरांवर शिनाणे वाढतात. रत्नागिरी-मालवणकडे आणि गोव्यात शिनाणे खडकांवरचे मिळतात, मुंबई-पुण्यात तिसऱ्या सहज मिळतात. दोन्ही चालतात. शिनाण्यांची पाठ घासून घ्या आणि शिंपल्याच्या फटीतून बाहेर आलेले राठ धागे ओढून काढा. तिसऱ्या असतील तर लिटरभर पाण्यात ३०-३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट पाणी करून, त्यात दोनतीन तास अंधारात ठेवा, वाळू सोडतात. फुटके शिंपले आणि टिचकी मारूनही न मिटणारे उघडे शिंपले फेकून द्या.

पसरट कढईत चमचाभर तेल, लसणाची एक ठेचलेली पाकळी, त्यावर शिनाणे आणि निम्मी वाइन. आच मोठी, घट्ट झाकण. तीनचार मिनिटांत तोंडं उघडतात. उघडतील तसे झाऱ्याने बाहेर काढा, जास्त शिजले की आतलं मांस आक्रसतं. शेवटपर्यंत मिटलेला राहील तो टाकून द्या. कढईत वाटीभर पाणी उरतं, दुधट करडं, दिसायला काहीच नाही. ते मलमलच्या फडक्यातून गाळून ठेवा आणि जपा. तिसऱ्यांचं पाणी टाकायचं नसतं हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या घरी विळीवर तिसऱ्या फोडताना खाली ताट असे ते याचसाठी. हे पाणी चांगलंच खारट असतं, म्हणून पुढे सॉसमध्ये मीठ अजिबात घालायचं नाही.

मांस शिंपल्यांतून सोडवून घ्या, शोभेला दहाबारा शिंपल्यांसकट ठेवा.

डोकी आणि सालं

कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा धागा काढून, फ्रीजमध्ये ठेवा. डोकी आणि सालं एका बाजूला. बाजारात सोललेली, गोठवलेली कोळंबी मिळते, साफ करायचा त्रास नको म्हणून घ्यावीशीही वाटते. या सॉसला ती घेऊ नका. सालाशिवाय हा सॉस म्हणजे नुसती मलई. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. इकडेही उन्हाळ्याच्या अखेरीस ट्रॉलर काही आठवडे बंदरातच असतात. तेव्हा आख्खी गोठवलेली, डोक्यासकटची कोळंबी बघा. तीही नसेल तर त्या दिवशी न्योक्की लोणी आणि सेजच्या पानांबरोबर खावेत, फार छान लागतात. बोरा सुटला की, म्हणजे इथला तो डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा वारा, मासळीचे ठेले रिकामे पडतात आणि आमच्याकडे हेच होतं.

जड बुडाच्या पातेल्यात दोन टेबलस्पून तेल तापवा. डोकी आणि सालं टाका, आणि गडबडीने हलवू नका. आधी ती करडी, ओली असतात आणि पातेल्यात पाण्याचा चरचराट होतो. पाणी आटलं की आवाज बदलतो, बारीक तडतड सुरू होते, सालं केशरी होतात. आता लाकडी मुसळीने किंवा लाटण्याच्या टोकाने डोकी दाबून फोडा. आतला पिवळट रस बाहेर येतो आणि तेल लालसर नारिंगी होतं. सालातला रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून हे परतणं नीट झालं पाहिजे. घरभर भाजलेल्या कोळंबीचा वास सुटला आणि तळाला तपकिरी खरपूस थर धरला की ब्रँडी घाला. आच बंद करून घाला, मग परत पेटवा. गॅसच्या ज्योतीजवळ बाटली धरू नका. दारू घरात नको असेल तर ब्रँडी आणि वाइन दोन्ही गाळा. शिनाणे मग वाटीभर पाण्यावर उघडा आणि शेवटी लिंबाचे दोनचार थेंब जास्त पिळा.

त्यावर चिरलेला कांदा, एक लसूण, टोमॅटो प्युरी. प्युरीचा कच्चा वास जाईपर्यंत परता. मग उरलेली वाइन, ती आटली की पाऊण लिटर गार पाणी. मंद आचेवर वीस मिनिटं, झाकण न ठेवता. वीसपेक्षा फार जास्त नाही, सालं जास्त उकळली की कडवटपणा सुटतो. गाळणीत ओता आणि डावाने जोर लावून दाबा, शेवटचे दोन चमचे सगळ्यात गडद असतात. गाळलेलं पाणी आणि शिनाण्यांचं पाणी एकत्र करून मोठ्या आचेवर आटवा. दीड वाटी उरेल आणि चमच्याच्या पाठीला पातळसं धरेल इथपर्यंत. आटवता आटवता चाखत राहा. फार खारट व्हायला लागलं तर थांबा.

क्रीम किती आणि केव्हा

एड्रिॲटिकच्या या काठावर स्कांपीचा 'बुझारा' नावाचा एक जुना रस्सा आहे. स्कांपी म्हणजे लांब नांग्यांचे, गुलाबी, सडपातळ जीव, शेवंडीच्या जवळचे. बुझाऱ्यात टोमॅटो, लसूण, वाइन, पावाचा थोडा चुरा आणि स्कांपी, एवढंच. क्रीम नाही. क्रीम इटलीच्या हॉटेलांत १९८०च्या दशकात सुटल्यासारखं सगळ्यात पडू लागलं, आणि आता इथले पुष्कळ खवय्ये त्यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. क्रीम वाईट नसतं, जास्त क्रीम वाईट असतं. चौघांना १५० मिली पुरे. वर सांगितलेला अर्क नीट झाला असेल तर क्रीम त्याला नुसतं गोलाई देतं. अर्क फिका असेल तर अर्धा लिटर क्रीमही त्याला तारत नाही.

३५ टक्के स्निग्धांशाचं, दुधाचं, बिनसाखरेचं क्रीम मिळालं तर तेच घ्या. ते उकळलं तरी फुटत नाही. आपल्याकडचं अमूलचं खोक्यातलं क्रीम २५ टक्क्यांचं असतं. तेही चालतं, पण वाइन आणि टोमॅटोच्या आंबटपणाने फुटू शकतं, म्हणून ते गॅस अगदी बारीक करून शेवटी घाला आणि उकळी येऊ देऊ नका. केकवर घालायचं वनस्पती तेलाचं क्रीम नको. नारळाचं दूध घालू का, असं माझ्या माहेरची मंडळी हटकून विचारतात. घाला, सुरेख होतं, पण मग ती आपली कोळंबीची आमटी झाली, आणि तिच्याबरोबर भात जास्त शोभतो.

शेवटची दहा मिनिटं

आता सगळं एकदम होतं, म्हणून माणसांना आधी ताटांवर बसवा आणि ताटं कोमट करून ठेवा.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळा. लिटरला ७-८ ग्रॅमच मीठ, सॉस खारट आहे. शेजारी सगळ्यात पसरट कढई ठेवा. त्यात उरलेलं तेल आणि लोणी, मोडलेली लाल मिरची, उरलेला लसूण. लसूण तांबूस होण्याआधी कोळंबी टाका, एका बाजूने अर्धा-पाऊण मिनिट, उलटून तेवढंच, आणि लगेच बाहेर. मधे किंचित कच्ची वाटली तरी चालेल, सॉसच्या उष्णतेने ती होते. त्याच कढईत आटवलेला अर्क ओता, उकळी आली की क्रीम. दोनतीन मिनिटांत सॉस सैलसर दाटतो. याहून घट्ट करू नका, न्योक्की तो पितात.

न्योक्की दोन घाण्यांत उकळा. खळबळती उकळी नको, गोळे एकमेकांवर आपटून मोडतात. टाकल्यावर बुडतात, मिनिट-दीड मिनिटात वर येतात. वर आले की वीसेक सेकंद थांबा आणि झाऱ्याने उचलून, पाणी निथळून, थेट सॉसमध्ये. चाळणीत ओतून घेऊ नका, एकमेकांच्या वजनाने चेपतात. सगळे कढईत आले की चमचा घालू नका, कढई दोन्ही हातांनी धरून गोल हलवा. आळलं असेल तर न्योक्कीचं पाणी डावभर. त्या पाण्यात पिष्ट असतं, सॉस पुन्हा सैल होतो आणि तरी फुटत नाही. मग कोळंबी आणि शिनाण्यांचं मांस, एकदा हलवा, गॅस बंद. पार्स्ली, मिरपूड, लिंबाची साल.

वर चीज किसू नका. मासळीवर चीज इथे घालत नाहीत, आणि हा नियम मला पूर्ण पटतो. शिनाण्यांच्या पाण्याची चव चीजखाली गाडली जाते. कोथिंबीरही नको, तिचा वास इतका पुढे धावतो की बटाटा हरवतो. पार्स्ली मिळाली नाही तर नुसती लिंबाची साल पुरते.

वाइन घेणारी मंडळी असतील तर इथे कार्स्टच्या पठारावरची मालवाझिया गार करून ठेवतात. सोबत पाव हवाच, ताटातला सॉस पुसून खायला. दुसरं काही लागत नाही, हे एकच ताट भरपेट होतं.

उरलेले न्योक्की सॉसमध्ये ठेवू नका, सकाळपर्यंत लगदा होतो. उकळलेले पण सॉस न लागलेले उरले तर थोडं तेल चोळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस परता. सॉस उरला तर कोळंबी बाजूला काढून तो मंद आचेवर गरम करा, वाफाळत्या भातावर घाला आणि कोळंबी अगदी शेवटी मिसळा. आणि कोळंबीची सालं जास्त झाली असतील तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पुढच्या वेळच्या अर्काला कामी येतात.